होल्स्टरसाठी चामड्याचा बेल्ट-अडॅप्टर: पहिल्यांदाच करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होल्स्टर (पिस्तूल अंगावर बाळगायचे म्यान) चांगले असते, कमरेचा पट्टाही चांगला असतो, पण दोघांचे एकमेकांशी जमत नाही. कधी होल्स्टरची क्लिप पट्ट्यापेक्षा रुंद असते, कधी होल्स्टर मांडीवर किंवा खांद्यावर बांधायच्या पद्धतीचे असते आणि आपल्याला ते कमरेला हवे असते. अशा वेळी मधला दुवा म्हणून चामड्याचा अडॅप्टर करता येतो. चामड्याचे काम कधीच न केलेल्या माणसालाही तो जमण्यासारखा आहे. फक्त मापात घाई करू नका. नवख्यांचे अडॅप्टर फसतात ते शिलाईमुळे फार कमी, मापामुळे जास्त.

अडॅप्टर म्हणजे नक्की काय? त्याचे काम काय?

अडॅप्टर म्हणजे चामड्याची एक जाड, ताठ पट्टी. तिच्या मध्यभागी होल्स्टर स्क्रूने बसते आणि दोन्ही बाजूंच्या पंखांना उभ्या खाचा असतात. पट्टा एका खाचेतून आत जातो, होल्स्टरच्या मागून फिरतो आणि दुसऱ्या खाचेतून बाहेर येतो. पट्टा आवळला की दोन्ही पंख अंगाकडे ओढले जातात आणि होल्स्टर कमरेला चिकटून बसते.

त्याने तीन गोष्टी केल्या पाहिजेत. वजन पेलावे, होल्स्टर डुलू देऊ नये, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे पिस्तूल ओढताना होल्स्टरला जागेवर धरून ठेवावे. पिस्तुलाबरोबर होल्स्टरही वर आले, तर चाप झाकलेलाच राहतो आणि हातात दोन्ही वस्तूंचे गाठोडे येते. ते होऊ नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

कोणते चामडे घ्यावे?

वनस्पतींच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेले, म्हणजे व्हेज-टॅन चामडे. दुसरे कुठलेही नको. ते ताठ असते, ओले केले की वळते आणि वाळले की दिलेला आकार धरून ठेवते. क्रोम-टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे पिशवीला, जाकिटाला उत्तम, पण ते मऊ असते आणि ताणले की ताणलेलेच राहते. माझा पहिला अडॅप्टर घरात पडून असलेल्या क्रोम-टॅनच्या तुकड्याचा होता. दिसायला सुरेख होता. पण दोन आठवड्यांत त्याच्या खाचा लांबट झाल्या आणि होल्स्टर पट्ट्यावर पुढे-मागे सरकू लागले. तो तुकडा मी अजून ठेवला आहे, नवीन शिकणाऱ्यांना दाखवायला.

ओळखायचे कसे? कापलेली कड बघा. व्हेज-टॅनची कड आरपार तपकिरी किंवा फिकट बदामी दिसते. क्रोम-टॅनच्या कडेत बहुधा निळसर-राखाडी छटा असते. दुसरी खूण पाण्याची. व्हेज-टॅनवर पाण्याचा थेंब टाकला की तो शोषला जातो आणि तिथे चामडे गडद होते. मात्र त्यावर आधीच फिनिश चढवलेले असेल तर ही परीक्षा फसते.

जनावराच्या अंगावरची जागाही पाहावी लागते. पाठीचा भाग सर्वात घट्ट आणि सगळीकडे सारख्या जाडीचा असतो. खांद्याचा भाग चालतो, फक्त त्यावर सुरकुत्या असतात. पोटाचा भाग स्वस्तात मिळतो म्हणून मोह होतो, पण त्याचे तंतू सैल असतात आणि तो हमखास ताणतो. अडॅप्टरसाठी तो घेऊ नका.

जाडी किती हवी?

अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचे दोन थर, आतल्या खरखरीत बाजू एकमेकींना चिकटवून. असे केले की एकूण जाडी ५ ते ६ मिलिमीटर होते आणि दोन्हीकडे गुळगुळीत बाजू येते. ४ मिलिमीटरचा एकच थरही चालतो, पण नवख्याला मी दोन थरांचाच सल्ला देतो. दोन थर एकमेकांना ताणू देत नाहीत आणि वळण जास्त चांगले धरतात.

चामड्याची जाडी पुष्कळदा ‘औंस’मध्ये सांगतात. १ औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, साधारण ०.४ मिलिमीटर. म्हणजे ७ ते ८ औंसचे चामडे सुमारे ३ मिलिमीटरचे.

कोणती हत्यारे लागतील?

फार नाहीत. धारदार सुरी किंवा रापी, पोलादी पट्टी, गुण्या, कर्कटक, गोल भोके पाडायचे पंच (५ ते ८ मिलिमीटरचे), लाकडी किंवा नायलॉनची मोगरी, चौकटच्या पानासारख्या टोकाची आरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला पॉलिस्टरचा दोरा, कॉन्टॅक्ट गोंद, पॉलिश पेपर आणि कडा घोटायला गुळगुळीत लाकडाचा तुकडा. टाक्यांच्या खुणा सारख्या अंतरावर पाडणारा दातेरी काटा मिळाला तर काम सोपे होते. नसेल तर कर्कटकाने ४ मिलिमीटरवर खुणा करत गेले तरी भागते.

पैसे घालायचेच असतील तर सुरी आणि आरीत घाला. बोथट सुरी चामडे कापत नाही, ढकलते. मग हात जोर लावतो, सुरी सटकते आणि बोट कापते.

घडीचा लूप सोपा की दोन खाचांची पट्टी?

दिसायला घडीचा लूप सोपा वाटतो. पट्टी दुमडली, खाली शिवली, झाले. पण त्यात दोन अडचणी आहेत. एक, एकाच अरुंद लूपवर टांगलेले होल्स्टर लंबकासारखे हलते. दोन, घडीचे माप चुकते. समजा पट्टा ५ मिलिमीटर जाड आहे आणि चामडे ३.५ मिलिमीटर. पट्ट्याच्या काठावरून वळताना चामड्याच्या मध्यरेषेची त्रिज्या २.५ अधिक १.७५, म्हणजे ४.२५ मिलिमीटर होते. अर्ध्या वर्तुळाला साधारण १३.४ मिलिमीटर चामडे लागते. नवशिका पट्ट्याची रुंदी दोनदा मोजतो, हे १३ मिलिमीटर विसरतो आणि लूप पट्ट्यात शिरतच नाही.

दोन खाचांची पट्टी सपाट कापायची असते, त्यामुळे चूक आधीच दिसते. शिवाय दोन खाचांमधले अंतर जितके जास्त, तितके होल्स्टर स्थिर. म्हणून पुढची सगळी उत्तरे या पट्टीबद्दल आहेत.

मापे कशी घ्यावीत?

इथे वेळ घालवा. पट्टा कितीचा आहे हे त्याच्या चिठ्ठीवर वाचू नका, पट्टा हातात घेऊन मोजा. दीड इंची म्हणून घेतलेला पट्टा ३८ मिलिमीटर भरायला हवा, पण काही ३७ भरतात, काही ४० भरतात. जाडी तीन ठिकाणी मोजा: शिलाईवर, भोकांजवळ आणि टोकाला.

खाचेची उंची म्हणजे पट्ट्याची रुंदी अधिक २ मिलिमीटर. खाचेची रुंदी म्हणजे पट्ट्याची जाडी अधिक १ ते २ मिलिमीटर. पट्टा थोडा जोर लावून शिरला पाहिजे. नव्या चामड्यात घट्ट वाटणारी खाच महिन्याभरात बरोबर होते. सुरुवातीलाच सैल झालेली खाच मात्र कधीच घट्ट होत नाही.

एक उदाहरण धरू. पट्टा ३८ मिलिमीटर रुंद आणि ५ जाड. होल्स्टर पट्ट्याच्या उंचीवर ७० मिलिमीटर रुंद. होल्स्टरच्या दोन्ही बाजूंना साधारण १२ मिलिमीटर मोकळे सोडले की दोन खाचांच्या आतल्या कडांमधले अंतर ९५ मिलिमीटर धरता येते. प्रत्येक खाच ७ मिलिमीटर रुंद, म्हणजे १४. खाचेच्या बाहेर प्रत्येक बाजूला १८ मिलिमीटर चामडे, म्हणजे ३६. पट्टीची एकूण लांबी १४५ मिलिमीटर. उंचीसाठी खाच ४० आणि तिच्या वर-खाली १५-१५, म्हणजे ७०.

बाहेरचे ते १८ मिलिमीटर कमी करू नका. सगळा ताण तिथेच पडतो. १२ मिलिमीटरच्या खाली गेलात की खाचेची कड दोरीसारखी पातळ होत जाते.

होल्स्टर तिरके हवे असेल तर?

तिरकेपणा खाचांनी द्यायचा नाही, स्क्रूच्या भोकांनी द्यायचा. खाचा पट्ट्याला काटकोनातच राहू द्या. पिस्तुलाची १० ते १५ अंश पुढे झुकलेली मूठ बहुतेकांना कमरेच्या बाजूला, नितंबाच्या थोडी मागे, सोयीची पडते. अगदी बाजूला किंवा पुढे घालणाऱ्याला सरळच बरे. किमान दोन स्क्रू हवेत. एका स्क्रूवर होल्स्टर हळूहळू फिरते आणि ते कधी फिरले हे कळतसुद्धा नाही.

आधी कागदाचा साचा करणे खरेच गरजेचे आहे का?

हो. जाड पुठ्ठ्याचा साचा कापा, खाचा पाडा, पट्ट्यात घाला, होल्स्टर दोन टाचण्यांनी किंवा चिकटपट्टीने लावा आणि आरशात बघा. बसा, वाका, हात मागे न्या. मूठ बरगडीत टोचते का? पँटचा लूप नेमका खाचेवर येतो का? पँटचा लूप दोन खाचांच्या मध्ये पकडता आला तर उत्तम, कारण मग होल्स्टर पट्ट्यावर सरकत नाही. पुठ्ठा वाया गेला तर पाच मिनिटे जातात. चामडे वाया गेले की मनही उतरते, आणि त्यानंतरचे काम घाईत होते.

साचा पसंत पडला की चामड्यावर आरीच्या टोकाने हलकी रेघ मारा. पेनची शाई व्हेज-टॅनवरून निघत नाही. पट्टीची लांबी जनावराच्या पाठीच्या कण्याच्या दिशेला ठेवा. त्या दिशेला चामडे सर्वात कमी ताणते.

दोन थर चिकटवताना काय सांभाळावे?

पट्टी सपाट चिकटवली आणि मग कमरेभोवती वाकवली, तर आतल्या थराला सुरकुत्या पडतात आणि बाहेरचा थर ताणून राहतो. त्यामुळे वळणावरच चिकटवा. आमच्या उदाहरणात, १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर १४५ मिलिमीटरच्या पट्टीत ३ मिलिमीटरचे दोन थर असतील, तर दोघांच्या लांबीत जवळजवळ ३ मिलिमीटरचा फरक पडतो. तो मोजत बसायची गरज नाही. दोन्ही थर चारही बाजूंनी ५ मिलिमीटर मोठे कापा, वळणावर चिकटवा आणि मग साचा ठेवून दोन्ही एकदम नेमक्या मापाला कापा.

क्रम असा. दोन्ही तुकडे कोमट पाण्यात थोडे भिजवा, मोठ्या गोल पातेल्याच्या बाहेरून बसवून कापडी पट्टीने बांधा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. एक रात्र तरी लागतेच, दमट हवेत दोन. घाई म्हणून उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका. ओले व्हेज-टॅन चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसते, आणि एकदा आक्रसले की कडक, ठिसूळ होते. ते परत पूर्वीसारखे होत नाही.

वाळले की आतल्या बाजू पॉलिश पेपरने खरवडा. गोंदाचा पातळ थर दोन्हीकडे द्या. खरखरीत बाजू पहिला थर पिऊन टाकते, म्हणून दुसरा द्यावा लागतो. बोटाला चिकटेनासा झाला की तुकडे जोडा. कॉन्टॅक्ट गोंद जोडताक्षणी धरतो, पुन्हा सरकवू देत नाही. त्यामुळे मध्यापासून सुरुवात करून कडांकडे दाबत जा आणि मोगरीने ठोका. खिडक्या उघड्या ठेवा, त्याच्या वासाने डोके दुखते.

खाच कशी कापायची? माझी वाकडी येते.

सुरीने चौकोन कापू नका. चौकोनी कोपरा म्हणजे फाटण्याचे आमंत्रण, कारण सगळा ताण त्या एका टोकावर येतो. खाचेच्या दोन्ही टोकांना खाचेच्या रुंदीइतक्या व्यासाचा पंच मारा. ७ मिलिमीटरची खाच तर ७ चा पंच. मग दोन भोकांच्या कडा पोलादी पट्टीने जोडा आणि सुरीने तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापा. एका दणक्यात आरपार जायचा प्रयत्न केला की सुरी आत तिरकी होते आणि मागची रेघ पुढच्या रेघेशी जुळत नाही.

थर चिकटवल्यानंतरच खाचा कापा, आधी नाही. चामडे अगदी किंचित दमट असेल तर पंच लोण्यासारखा जातो. खाली जाड प्लास्टिकची फळी ठेवा. दगडावर किंवा फरशीवर मारलात तर पंचाची धार गेली म्हणून समजा.

कापून झाल्यावर खाचेच्या आतल्या कडा पॉलिश पेपरच्या गुंडाळीने घासा आणि घोटून घ्या. बहुतेक जण बाहेरची कड आरशासारखी करतात आणि खाचेची आतली कड खरखरीत सोडतात. पट्टा रोज घासतो तो आतल्या कडेवर.

टाका कोणता घालावा?

दोन सुयांचा टाका, ज्याला सॅडल स्टिच म्हणतात. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलट दिशांनी जातात. एखाद्या ठिकाणी दोरा झिजून तुटला तरी दुसरा दोरा तो टाका धरून ठेवतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा फक्त एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शिलाई उसवत जाते.

कडेपासून ४ मिलिमीटरवर रेघ मारा. दोरा ०.८ ते १ मिलिमीटरचा, टाके ४ मिलिमीटरवर. याहून फार जवळ टाके घातले तर भोकांची रांग टपाल तिकिटाच्या कडेसारखी होते आणि चामडे तिथेच फाटते. पूर्ण कडेभोवती एक फेरी आणि प्रत्येक खाचेभोवती एक फेरी घाला. खाचेभोवतीची फेरी वगळू नका. थर सुटायला लागतात ते खाचेपासूनच.

दोरा किती घ्यायचा हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. शिलाईच्या चौपट घ्या असे सांगतात, पण जाड कामाला ते पुरत नाही. हिशेब सोपा आहे. ६ मिलिमीटर जाडीत प्रत्येक सुई एका टाक्याला ४ मिलिमीटर पुढे आणि ६ मिलिमीटर आरपार जाते, म्हणजे १०. दोन सुयांचे २०. चार मिलिमीटर शिलाईला २० मिलिमीटर दोरा, म्हणजे पाचपट. ४२ सेंटिमीटरच्या फेरीला २ मीटर १० सेंटिमीटर, आणि सुयांत अडकवायला, धरायला आणखी ४० सेंटिमीटर. इतका लांब दोरा गुंततो, म्हणून फेरी दोन भागांत शिवली तरी हरकत नाही.

आरी चामड्याला अगदी काटकोनात घाला. समोरची रांग सरळ आणि मागची वाकडी आली, की आरी तिरकी गेली हे नक्की. माझा हात सुमारे २०० भोकांनंतर सरळ झाला, त्याआधी रद्दी तुकड्यांवरच सराव केला. नेहमी एकच सुई आधी घाला आणि दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या एकाच बाजूने काढा. हा नियम मोडला की टाक्यांचा तिरपेपणा बदलतो आणि शिलाई दात पडल्यासारखी दिसते. शेवटी तीन टाके उलटे घ्या, दोरा कडेजवळ कापा आणि पॉलिस्टर असेल तर टोक काडीने हलके वितळवा.

घरच्या शिलाई मशीनवर जमेल का?

नाही. ५-६ मिलिमीटर चामडे तिच्या पायाखाली बसत नाही, आणि बसवलेच तर सुई तुटून डोळ्याकडे उडू शकते.

स्क्रू कोणते आणि कसे बसवावेत?

दोन भागांचे स्क्रू वापरा. एका भागाला आतून आटे असलेली नळी आणि सपाट डोके असते, दुसरा भाग साधा स्क्रू. पुष्कळ होल्स्टरांना ८-३२ आट्यांचे (८ नंबरचे, इंचाला ३२ आटे) स्क्रू येतात, त्याचा व्यास साधारण ४.२ मिलिमीटर. पण गृहीत धरू नका, आपल्या होल्स्टरचा स्क्रू काढून मोजा. चामड्यातले भोक नळीच्या बाहेरच्या व्यासाइतकेच पाडा.

नळीची लांबी एकूण जाडीपेक्षा एक ते दीड मिलिमीटर कमी हवी. अडॅप्टर ६ आणि होल्स्टरची भिंत २, म्हणजे ८ मिलिमीटर. तिथे साडेसहाची नळी बरोबर. पूर्ण आठची घेतलीत तर स्क्रूचे डोके नळीच्या टोकाला भिडते, स्क्रू आवळल्यासारखा वाटतो आणि होल्स्टर मात्र सैलच राहते.

सपाट डोके पट्ट्याच्या बाजूला येऊ द्या आणि त्यासाठी चामड्यात उथळ खळगा करा, म्हणजे धातू पट्ट्याला घासणार नाही. काही जण हे डोके दोन थरांच्या मध्ये पुरून टाकतात. दिसायला छान, पण स्क्रू कधी सैल झाला तर आतली नळी गरगर फिरते आणि धरायला जागा नसते. पहिल्या कामात ते उघडेच ठेवा.

आट्यांवर निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक बारीक थेंब पुरे. तो होल्स्टरच्या प्लास्टिकवर ओघळू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. आणि स्क्रूचे टोक होल्स्टरच्या आत डोकावत नाही ना, हे बोट फिरवून तपासा.

धातू स्टेनलेस किंवा निकेल चढवलेला घ्या. उघड्या पितळेवर चामड्यातल्या तेलामुळे हिरवा, मेणचट थर येतो.

चामड्यावर काळे-निळे डाग पडले. काय चुकले?

ओल्या व्हेज-टॅनला लोखंड लागले. चामड्यातले टॅनिन आणि लोखंड यांचा संयोग होऊन जवळजवळ शाईच तयार होते. ओल्या चामड्यावर पोलादी पट्टी, खिळा, टाचणी काहीच विसरू नका. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस लावून थोड्या वेळाने पाण्याने पुसा, बराच फिका होतो. सगळाच अडॅप्टर काळा रंगवायचा असेल तर मग प्रश्नच नाही.

कडा, रंग आणि तेल?

कडेचा धारदार कोपरा काढा, पॉलिश पेपरने आधी २२० आणि मग ४०० नंबरने घासा, किंचित ओली करा आणि लाकडाने जोरात घोटा. तंतू दबून चमक येते. वर थोडे मधमाशीचे मेण घासले की पाणी आत शिरत नाही.

रंग देणार असाल तर घोटण्याआधी द्या. पूर्ण वाळल्यावर पांढऱ्या कापडाने घासत राहा, कापडावर रंग येणे थांबेपर्यंत. नाहीतर तोच रंग सदऱ्याला आणि पँटला लागेल. वरून ॲक्रिलिक फिनिशचा पातळ हात द्या.

तेलाच्या बाबतीत हात आखडता ठेवा. नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेल्या तेलाचा) एकच पातळ हात पुरे. बॅगेसाठी सांगितलेले भरपूर तेल इथे नको. तेल चामड्याला मऊ करते आणि आपल्याला ताठ अडॅप्टर हवा आहे.

वापरण्याआधी चाचणी कशी करावी?

माप घेण्यापासून शेवटच्या चाचणीपर्यंत प्रत्येक वेळी शस्त्र रिकामे हवे. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याच मॉडेलच्या मापाची प्लास्टिकची प्रतिकृती मिळाली तर मापाचे सगळे काम तिच्यावरच करा.

आधी वजन. अडॅप्टर पट्ट्यात घालून पट्टा आडवा बांधा आणि होल्स्टरला २ किलो वजन रात्रभर टांगा. भरलेले नेहमीचे पिस्तूल सहसा एक किलोच्या आसपास असते, म्हणजे हा दुप्पट भार झाला. सकाळी खाचा पुन्हा मोजा. एक मिलिमीटरहून जास्त वाढल्या असतील तर चामडे किंवा जागा चुकली आहे.

मग पट्टा कमरेला लावा आणि रिकामे शस्त्र ५० वेळा ओढा, सावकाश. होल्स्टर पट्ट्यावर किती वर उचलले जाते ते आरशात बघा. ५ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर खाच उंच झाली आहे किंवा पट्टाच मऊ आहे. बसा, खाली वाका, जिना चढा.

शेवटी चापाकडे बघा. स्क्रू आवळल्यावर होल्स्टरचा आकार चेपला जाऊन तोंड बंद होत नाही ना? पिस्तूल पूर्ण खाली बसते ना? चापाभोवतीच्या कडीत चामड्याचा कोपरा, दोऱ्याचे टोक किंवा सदऱ्याची कड शिरू शकते का? इथे जराही शंका आली तर तो अडॅप्टर वापरू नका, पुन्हा करा. शस्त्र बाळगण्याचा परवाना आणि ते कुठे, कसे घालता येते याचे नियम आपापल्या जागचे पाळायचे, हे वेगळे सांगायला नको.

चालताना करकर आवाज येतो. उपाय?

चामड्यावर चामडे घासले की आवाज होतो. पट्टा ज्या भागावरून जातो तिथे थोडे मेण घासून घोटा. तरी थांबला नाही तर स्क्रू तपासा. पुष्कळदा आवाज चामड्याचा नसतो, होल्स्टर आणि अडॅप्टरच्या मधला असतो. तिथे पातळ रबरी वॉशर टाकला की थांबतो.

पहिल्या अडॅप्टरला किती वेळ लागेल?

हाताचे काम सात-आठ तासांचे. त्यातली निम्मी शिलाई. वाळण्याचा आणि गोंदाचा वेळ धरून तीन दिवस ठेवा.

अडॅप्टर किती टिकतो आणि कधी बदलावा?

चांगल्या चामड्याचा, कोरडा ठेवलेला अडॅप्टर अनेक वर्षे चालतो. घामाने किंवा पावसाने भिजला तर पट्ट्यातून काढा, पुसा आणि सावलीत वळणावर वाळवा. शस्त्र बरेच दिवस ठेवायचे असेल तेव्हा चामड्याच्या सान्निध्यात ठेवू नका. चामडे ओल धरते आणि धातूला गंज चढतो.

महिन्यातून एकदा स्क्रू, खाचांचे कोपरे आणि खाचेभोवतीचे टाके बघा. टाका झिजला असेल तर तेवढी फेरी उसवून त्याच भोकांतून पुन्हा शिवता येते. खाचेच्या टोकाला चीर दिसली, किंवा पट्टी इतकी मऊ झाली की हातात धरल्यावर स्वतःच्या वजनाने वाकते, तर दुरुस्ती करत बसू नका. मऊ पडलेले चामडे दुमडून चापाभोवतीच्या कडीत शिरल्याने, पिस्तूल परत ठेवताना गोळी सुटल्याचे अपघात झालेले आहेत. जुन्या अडॅप्टरचे स्क्रू काढून घ्या आणि त्याच्यावरून नव्याचा साचा आखा. फक्त खाचांची मापे त्याच्यावरून घेऊ नका, त्या ताणलेल्या असतात. ती पुन्हा पट्ट्यावरूनच घ्या.